आमची वाटचाल : आधी मीटर, मग कॅमेरा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कॅमेरा-फ्लॅश दुरुस्तीच्या दुकानात फ्लॅश दुरुस्तीला आला की पावती फाडण्याआधी आम्ही त्याचं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश उडवणाऱ्या पिनवरून कॅमेऱ्यावर येणारं व्होल्टेज, मोजतो आणि स्टिकरवर लिहून त्याच्या पोटाला चिकटवतो. ही पद्धत माझ्या एका चुकीमुळे पडली.

फिल्मच्या काळात वडिलांनी दुकान सुरू केलं. शटर आणि फ्लॅश ही मुख्य कामं. लग्नसराईत कळवा-मुंब्र्यापासूनचे फोटोग्राफर बॅगा घेऊन यायचे. तेव्हाच्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की दोन पत्र्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा. शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेवर, दोनशे-अडीचशे व्होल्ट आले तरी त्या निभावून न्यायच्या. म्हणून तो आकडा आम्ही कधी बघितलाच नाही. डिजिटलमध्ये त्या पत्र्यांच्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच आला, पण आमची सवय जुनीच राहिली.

कळव्याचा एक तरुण फोटोग्राफर वडिलांचा जपानी फ्लॅश घेऊन आला. सेल गळून कॉन्टॅक्ट हिरवे पडले होते. मी ते घासले, फ्लॅश चार वेळा उडवून दाखवला आणि "एकदम ओके" म्हणून हातात दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. "दादा, हळद निघाली, पण वरात अंधारातच गेली." कॅमेरा फोटो काढत होता, पण शूवर कुठलाच फ्लॅश उडत नव्हता. मी त्याचा फ्लॅश मीटरला लावला. २३१ व्होल्ट. कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला होता. कॅमेऱ्याच्या जळालेल्या बोर्डाचा खर्च आम्ही सोसला, पण त्या घरची वरात काही परत निघणार नव्हती.

घरी मोजायचं तर नवे सेल घाला, रेडीचा दिवा लागल्यावर मिनिटभर थांबा. डिजिटल मीटर डीसीच्या सर्वात वरच्या रेंजवर ठेवा; सुईचा स्वस्त मीटर स्वतःच करंट ओढतो आणि आकडा कमी दाखवतो. लाल टोक फ्लॅशच्या बुडाच्या मधल्या पिनला, काळं त्याच बुडाच्या कडेच्या धातूला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर नकोच.

किती चालतं, हे कॅमेऱ्यावर ठरतं. आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्ट आहेत, निकॉनच्या डिजिटल एसएलआरची मॅन्युअलं २५० पर्यंत जातात, कॅननच्या अनेक जुन्या ईओएसना ६ च्या वर नको. आम्ही सरसकट ६ च धरतो. फ्लॅशच्या नावावरूनही अंदाज बांधू नका. व्हिव्हिटार २८३ चे सुरुवातीचे पीस शेकडो व्होल्टचे, नंतरचे १० च्या आतले. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. कॅननच्या २००डी मार्क टू वर तर शूमध्ये मधली पिनच नाही, त्यामुळे असा जुना फ्लॅश तिथे उडतच नाही. म्हणून फ्लॅश बिघडला म्हणून कोणी घेऊन आलं, तर आम्ही आधी कॅमेरा कुठला ते विचारतो.

एक कळकळीची विनंती : फ्लॅश स्वतः उघडू नका. सेल काढले तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठून राहतात. आम्हीसुद्धा रेझिस्टर लावून तो आधी रिकामा करतो, मगच हात घालतो.

आकडा जास्त निघाला म्हणून चांगला फ्लॅश भंगारात टाकायची गरज नाही. कॅमेरा आणि फ्लॅशच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारा सेफ-सिंकसारखा अडॅप्टर लावता येतो. फ्लॅश वायरशिवाय उडवणारा रेडिओ ट्रिगरही चालतो, पण फ्लॅशला जोडायच्या रिसिव्हरची व्होल्टेजची मर्यादाही बघून घ्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह, दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसली की आपला फ्लॅश उडवणारा सेन्सर. तिथे कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर टीटीएलमध्ये उजेड मोजायला कॅमेरा आधी मारतो त्या चमकेनेच स्लेव्ह उडून मोकळा होतो.

कळव्याच्या त्या फ्लॅशच्या पोटाला आमचं पहिलं स्टिकर आहे, २३१. आता तो स्लेव्हवर असतो, मांडवाच्या मागच्या खांबाला बांधलेला, आणि नवरीच्या केसांवर मागून उजेड टाकतो. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तो एकदा आमच्याकडे येतो. आकडा पुन्हा मोजून घ्यायला.