आमची वाटचाल : नागपूर ते पारो

आमच्या सहल संस्थेची सुरुवात २०११ साली नागपुरात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत झाली. पहिली दोन वर्षे आम्ही अजिंठा-वेरूळ, सांची आणि बोधगया एवढ्याच सहली काढत होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली धम्मदीक्षा ज्या कुटुंबांनी घेतली, त्यांच्या पुढच्या पिढीतील माणसे आमच्या प्रवाशांत बरीच असत. बोधगयेहून परतताना त्यांच्यापैकीच एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, की जिथे बुद्धाचा धर्म लोकांच्या रोजच्या जगण्यात दिसतो असा देश तुम्ही आम्हाला कधी दाखवणार? त्या प्रश्नातून आमची भूतानची सहल निघाली.

२०१३ साली चाळीस जणांना घेऊन आम्ही रेल्वेने कोलकात्याला आणि तिथून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमाऱ्याला पोहोचलो, आणि फुंत्शोलिंग या सीमेवरच्या गावाच्या कमानीतून भूतानमध्ये शिरलो. थिंफू, पुनाखा आणि पारो सात दिवसांत उरकले. पुनाखाला फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर भूतानला एकत्र आणणारे धर्मगुरू शबद्रुंग ङावांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये उभारलेला झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, आम्ही पाऊण तासात पाहिला, याचे आज वाईट वाटते. कारण मठ आणि शासन एकाच वास्तूत नांदवणारी ती इमारत समजून घ्यायची, तर अंगणात नुसते बसून राहण्यासाठीच एक सकाळ लागते.

खरा धडा मात्र २०१४ साली पारोच्या त्सेचूने, म्हणजे मुखवटानृत्यांच्या वार्षिक धार्मिक उत्सवाने, दिला. या उत्सवाच्या शेवटच्या दिवशी पहाटेच्या अंधारात थोंगद्रोल उलगडतात. रेशमी कापडाचे तुकडे जोडून, शिवून घडवलेले हे अवाढव्य चित्र इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चढते. नुसत्या दर्शनाने मुक्ती देणारे, असाच त्या शब्दाचा अर्थ आहे. मध्यभागी गुरू रिनपोछे, म्हणजे आचार्य पद्मसंभव, असतात, आणि सूर्याचे ऊन कापडावर पडण्यापूर्वी ते पुन्हा गुंडाळले जाते. हे आम्हाला ठाऊक होते, तरीही गटाचा चहा-पोह्यांचा नाश्ता आटोपून निघण्याचा निर्णय मी घेतला. आम्ही नऊ वाजता पोहोचलो तेव्हा भिंत मोकळी होती. त्या शिक्षिकाबाई त्या सहलीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची ती पहाट मी वाया घालवली, आणि सहलीचे वेळापत्रक प्रवाशांच्या न्याहारीवर ठरवायचे की त्या देशाच्या घड्याळावर, हा प्रश्न माझ्यापुरता त्याच दिवशी निकाली निघाला.

तेव्हापासून आम्ही ठिकाणे कमी केली आणि मुक्काम वाढवले. निघण्यापूर्वी नागपुरात दोन तासांची बैठक घेऊ लागलो, कारण आमच्या प्रवाशांना धम्मदीक्षेच्या वेळच्या, हिंदू देवदेवतांची पूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा पाठ असतात आणि भूतानचा वज्रयान, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध पंथ त्यांना पहिल्या भेटीत गोंधळात टाकतो. उग्र देवता, मुखवटे, रंगीत ज्वाळा हे सारे पाहून ‘हा बुद्धाचा धर्म कसा?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि तो प्रश्न मला अतिशय मोलाचा वाटतो. त्सेचूतील एका नृत्यात यमराज मृतांचा न्याय करतो आणि पापपुण्य काळ्यापांढऱ्या खड्यांनी तोलले जाते. मृत्यूनंतर अशी रूपे समोर आली तर माणसाने भिऊ नये, ती आधीच ओळखीची असावीत, म्हणून हे नाचायचे, असे आमच्या भूतानी गाईडने सांगितले, तेव्हा गटातील एक आजोबा बराच वेळ मान हलवत राहिले. झोंगच्या दाराशी हाच गाईड पिशवीतून पांढरे काबने, म्हणजे अंगावर घ्यायचे लांब उपरणे, काढतो, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत त्याची चूण नीट बसवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. आमचे प्रवासी ते पाहून आपोआप टोपी काढतात. वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

मार्च २०२० मध्ये भूतानने सीमा बंद केल्या आणि त्या २३ सप्टेंबर २०२२ रोजी उघडल्या. ती अडीच वर्षे आम्ही कशीबशी काढली. सीमा उघडल्यावर भारतीय प्रवाशाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागू लागले. सात रात्रींचे माणशी ८,४०० रुपये होतात. पूर्वी चाळीस जणांचा होणारा गट सोळावर आला. हे शुल्क एकूण दरात मिसळून टाकावे, असे अनेकांनी सुचवले. आम्ही ते पत्रकावर वेगळे छापतो, कारण प्रवाशाला आपण कशासाठी किती देतो हे कळले पाहिजे. शिवाय सोळा जणांना एका कड्याच्या पायवाटेवर नीट सांभाळता येते. पारोजवळच्या कड्यावर, सुमारे ३,१२० मीटर उंचीवर असलेल्या तक्त्संग मठाकडे जाताना शेवटच्या टप्प्यात शेकडो पायऱ्या उतरून धबधब्यापाशी यावे लागते आणि पुन्हा चढावे लागते. तिथे गट मोठा असता, तर साठी ओलांडलेल्यांना आम्ही नेऊच शकलो नसतो.

यंदाच्या पारो त्सेचूची नोंदणी पूर्ण झाली आहे. शेवटच्या दिवशी उठण्याची वेळ रात्री दोनची ठेवली असून चहा थर्मासमध्ये भरून सोबत घेणार आहोत, आणि पोहे परत आल्यावर होतील, असे प्रत्येकाला लेखी कळवले आहे. त्या शिक्षिकाबाई आता ७८ वर्षांच्या आहेत. यादीत पहिले नाव त्यांचे आहे.