पक्षकाराचा फोन कोणाकडे ठेवावा

आमच्या रत्नागिरीच्या कचेरीतला सहा आकडी दूरध्वनी क्रमांक, काकांनी वकिली सुरू केली तेव्हापासून, प्रत्येक वकीलपत्रावर छापला जात आहे. संध्याकाळचे पाच वाजून गेले की त्यावर एकामागून एक फोन येऊ लागतात आणि पलीकडच्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आज तारखेला काय झालं?" एका सातबाऱ्यावर चौदा नावे असली, तर त्यांपैकी नऊ जण मुंबईला असतात आणि त्या नऊ जणांना तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारायचा असतो. चिपळूणला आमची एक खोली आहे. शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाल्यावर आमच्यापैकी कोणी ना कोणी अधूनमधून आंबा घाटापलीकडे असते. परिणामी आमचे कारकून अण्णा फोन करणाऱ्याला तीन मोबाइल क्रमांक सांगत बसतात आणि तो पक्षकार तिन्हींवर फोन करतो. क्रमांक एकच असावा आणि तो तिन्ही ठिकाणी वाजावा, एवढ्याच गरजेतून आम्ही इंटरनेटवरच्या फोनची चौकशी सुरू केली.

विक्रेते आधी वेगाविषयी बोलतात, आणि तो मुद्दा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. जी-711 या नेहमीच्या पद्धतीने आवाज पाठवला, तर आवाजाचे तुकडे ज्या डिजिटल पाकिटांतून जातात त्यांचा वरखर्च धरून एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे 90 किलोबिट लागतात. सहा जण एकाच वेळी बोलले, तरी हिशेब अर्ध्या मेगाबिटच्या आसपासच राहतो. महत्त्व आहे ते पाकिटे वेळेवर पोहोचण्याला. आवाज एका बाजूकडून दुसरीकडे पोहोचायला 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, कारण त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. वकील आणि पक्षकार ते तसेही करतात. त्यात यंत्राची भर नको.

विजेचा प्रश्न मात्र कोकणात अर्धा निर्णय ठरवतो. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच फोनला 48 व्होल्टचा पुरवठा करत असे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तार शाबूत असेपर्यंत फोन चालत असे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणजे फायबरची पेटी, राउटर आणि टेबलांवरचे फोन जोडणारा आणि त्यांना वीज देणारा नेटवर्क स्विच ही तिन्ही उपकरणे आपल्याच इन्व्हर्टरवर हवीत. जुलैतल्या चाचणीत मी भर दुपारी मेन स्विच पाडला, तेव्हा पेटी आणि राउटरचे दिवे लुकलुकत राहिले, पण टेबलांवरचे सगळे फोन गेले; फोनचा स्विच इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटला लावलेला होता. ही चूक आम्हाला श्रावणातल्या एखाद्या रात्री कळली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. फोनची यंत्रणा स्वतःच्या कचेरीतल्या डब्यात ठेवावी की पुरवठादाराच्या सर्व्हरवर, हा वाद आमच्यापुरता चिपळूणने मिटवला. 22 जुलै 2021 च्या पुरात तिथल्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदपत्रांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. सर्व्हर बाहेर असेल, तर कचेरी अंधारात गेली तरी येणारा फोन तिथूनच मोबाइलकडे वळवता येतो.

पण बाहेर ठेवायचे तर कोणाकडे, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आम्हाला एका प्रात्यक्षिकाने दिले. विक्रेत्याने लॅपटॉप उघडून मोठ्या अभिमानाने एक पान दाखवले: कोणी, केव्हा, किती वेळ फोन केला आणि प्रत्येक ओळीपुढे ध्वनिमुद्रण ऐकण्याची खूण. ते पान नमुन्याचे नव्हते. त्यांच्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या चालू खात्याचे होते. त्याने एका ओळीवर बोट ठेवले आणि एक बाई आपल्या मुलाच्या जामिनाविषयी रडवेल्या आवाजात विचारताना ऐकू येऊ लागली. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि "बंद करा" एवढेच म्हटले. चहा यायच्या आत तो गृहस्थ निघून गेला.

त्या दिवसापासून आमची प्रश्नावली बदलली. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 132 नुसार पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, कलमातले अपवाद वगळता, त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही, आणि काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही. हेच बंधन दुभाषी, वकिलाचे कारकून आणि कर्मचारी यांनाही लागू आहे. फोन पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाचा उल्लेख त्यात नाही. म्हणून आम्ही ध्वनिमुद्रण पूर्ण बंद ठेवायचे ठरवले. व्हॉइसमेलही बंद केला, कारण वाटपाच्या दाव्यातल्या एका भावाचा निरोप अण्णांनी स्पीकरवर ऐकावा आणि समोरच्या बाकावर दुसऱ्या भावाचा मेहुणा बसलेला असावा, हे आमच्याकडे अजिबात अशक्य नाही. संभाषण फोनपासून पुरवठादारापर्यंत सांकेतिक स्वरूपात जाते का, हेही आम्ही विचारतो. त्यापुढे ते साध्या दूरध्वनीच्या जाळ्यात शिरले की ते कवच राहत नाही, हे जो स्वतःहून सांगतो त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवते.

जुन्या क्रमांकाने थोडा त्रास दिला. मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, म्हणून तो जिथे आहे तिथेच ठेवून त्यावरचे फोन नव्या क्रमांकाकडे वळवले आहेत. पहिल्या आठवड्यात लांज्याच्या एका आजींना आमचा आवाज जात होता, पण त्यांचा आम्हाला येत नव्हता. त्या "ऐकू येतंय, बोला" म्हणत असाव्यात आणि आम्ही "हॅलो, हॅलो". दोष राउटरमधल्या सिप-एएलजी नावाच्या सोयीचा निघाला. ती पाकिटांमधले पत्ते परस्पर बदलते. ती बंद करताच आजी ऐकू आल्या, आणि त्या बऱ्याच रागावलेल्या होत्या.

स्वागताच्या ध्वनिफितीत "कोकणातील विश्वासू वकील" असे शब्द घालण्याची सूचना एका विक्रेत्याने केली होती. बार कौन्सिलच्या नियम 36 ने वकिलाला जाहिरात करण्यास मनाई आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या ध्वनिफितीत आता केवळ कचेरीचे नाव आणि कामाची वेळ आहे.

निवडलेल्या पुरवठादाराशी करार अजून पूर्ण झालेला नाही. फोनचा तपशील परवान्याच्या अटींनुसार दूरसंचार कंपनीला दोन वर्षे जपावा लागतो, त्यात आम्हाला काही म्हणता येत नाही. परंतु त्यांच्या पानावर दिसणारी प्रत तीस दिवसांनी पुसली जावी आणि ते पान आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणी उघडू नये, ही दोन कलमे आम्ही मसुद्यात घातली आहेत. दुसरे त्यांनी मान्य केले आहे. पहिल्यावर ते नव्वद दिवस म्हणतात, आणि काकांनी मसुदा सही न करता परत पाठवला आहे.