अरबी समुद्रातल्या उष्णतेच्या लाटा: विस्थापनाचे नकाशे, नोंद तिसरी

नागपुरात उष्णतेची लाट म्हटली की पारा चाळिशीपार. समुद्रात लाट ठरते ती त्या जागेच्या, त्या तारखेच्या नेहमीच्या तापमानावरून. म्हणून जानेवारीतलं २८ अंशांचं पाणी लाटेत धरलं जाऊ शकतं, मेमधलं ३० अंशांचं कदाचित नाही.

लाट कुठे सुरू होते ते ठरवणारे उंबरठे काढून झाले. माहिती नोआ या अमेरिकी संस्थेच्या ओआयएसएसटीची, म्हणजे समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या संचाची; रोजची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींची. पाया, म्हणजे 'नेहमीचं' ठरवायची वर्षं, १९९१ ते २०२०; प्रत्येक तारखेला ११ दिवसांची खिडकी (ती तारीख आणि मागचे-पुढचे ५-५ दिवस), म्हणजे चौकटीमागे ३३० आकडे. त्यांचा ९०वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ९० टक्के आकडे येतात तो, हा उंबरठा. सलग ५ दिवस पाणी त्याच्या वर राहिलं की लाट. फाइलमधला तयार 'अनॉम' (नेहमीपेक्षा फरक) रकाना घेऊ नका, त्याचा पाया १९७१ ते २००० आहे. आणि २९ फेब्रुवारी वेगळा हाताळला नाही, तर लीप वर्षात मार्चपासून पुढच्या सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतात.

आता थर्मल डिस्प्लेसमेंट, म्हणजे तापमानाचं विस्थापन. जॅकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेली ही रीत: तापलेल्या चौकटीचं नेहमीचं तापमान आज सर्वांत जवळ कुठे मिळतं, तिथवरचं अंतर, म्हणजे माशाला नेहमीचं पाणी गाठायला किती जावं लागेल ते. नकाशावर ते बाणाने दाखवायचं. सरळ रेषेत मोजलं तर केरळचा मासा तमिळनाडूवरून उडून बंगालच्या उपसागरात पडतो! म्हणून जमिनीच्या चौकटी बंद करून डायक्स्ट्रा (सर्वांत जवळचा रस्ता शोधणारी गणनरीत) चालवा. ८ दिशांच्या जाळीत अंतर जास्तीत जास्त ८ टक्के फुगतं, तेवढं चालेल. ० ते २६ उत्तर, ५० ते ८० पूर्व एवढ्या पट्ट्यात १२,४८० चौकटी होतात. कडेला जाऊन थांबलेले बाण टाकून द्या. मे महिन्यात हे गणित पहाटे लावा, दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो.

सर्वांत सुंदर भाग ऋतूंचा. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र थंड, त्यामुळे बाण उत्तरेला. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर येतं, तेव्हा काही बाण चक्क दक्षिणेला वळतात. एप्रिल-मेमध्ये मात्र समुद्र दूरवर जवळपास सारखाच तापलेला असतो. लाट अर्ध्या अंशाची असली तरी अंतर शेकडो किलोमीटर येऊ शकतं. ही चूक समजून खोडू नका. जून ते सप्टेंबरच्या आकड्यांवर मात्र बेतानेच भरवसा ठेवा: उपग्रहाच्या इन्फ्रारेडला ढगांपलीकडचं दिसत नाही. संभाव्य चूक सांगणारा 'एरर' रकाना सोबत छापा.

बाण म्हणजे तारलीचा प्रवास नव्हे. मासा खाली, गार थरातही जाऊ शकतो. पण अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरखाली ऑक्सिजन फार कमी, तो रस्ता लवकर संपतो. त्यामुळे पुढच्या नोंदीत खोलीचे आकडे आधी, प्रजातींच्या नोंदी नंतर.