परत येताना हातात काय उरतं

१९९८ साली बाबांनी माझ्यासाठी स्थळांची वही घातली. नाव, गाव, शिक्षण, नोकरी, गोत्र, उंची असे रकाने शिसपेन्सिलीने आखलेले. माझी उंची पाच फूट आठ इंच, त्यामुळे शेवटच्या रकान्यावर बरीच स्थळं अडायची. असा एखादा नकार आला की आजी मला शेजारी बसवून रेवतीची गोष्ट सांगायची.

भागवताच्या नवव्या स्कंधातली ही गोष्ट. कुशस्थलीचा राजा ककुद्मी लेकीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकात जातो; हिच्यासाठी कोणता मुलगा पाहावा, ते ब्रह्मदेवालाच विचारायला. तिथे गंधर्वांचं गाणं रंगलेलं. मध्येच कसं बोलायचं, म्हणून राजा थांबतो. गाणं संपल्यावर मनातली स्थळं सांगतो, तर ब्रह्मदेव हसतात. राजा, ते सगळे केव्हाच गेले. त्यांची मुलं-नातवंडंही गेली, आता त्यांची गोत्रंसुद्धा कानावर येत नाहीत. खाली २७ चतुर्युगं उलटून गेली.

"एका गाण्यापुरता थांबला गं तो," आजी म्हणायची आणि गप्प व्हायची. गोत्रंसुद्धा उरली नाहीत हे ऐकलं की मला बाबांची वही डोळ्यांसमोर यायची.

काळप्रवासाच्या कथांचं वेड मला तिथून लागलं. अशी कथा वाचताना मी एकच बघते, माणूस परत आला तेव्हा त्याच्याजवळ काय उरलं. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या 'द टाइम मशीन' कादंबरीतला प्रवासी ८,०२,७०१ या सालात आणि त्याच्याही पुढे जाऊन येतो. एवढ्या लांबून आणतो काय, तर खिशात दोन कोमेजलेली पांढरी फुलं. ती कुणी दिली ते माहीत असलं की यंत्र कसं चालतं हे विचारावंसंही वाटत नाही.

जयंत नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत तर भूतकाळात जातच नाहीत. अपघात होतो आणि ते अशा मुंबईत पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. तिथल्या बखरीत विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून जाते. १७६१ चं ते युद्ध आपल्या बोलण्यात अजून रोज येतं, म्हणून ती ओळ वाचताना माझ्या घशात आवंढा येतो. पंत परततात तेव्हा बखर आझाद मैदानातल्या गोंधळात हरवलेली असते. खिशात एक फाटकं पान तेवढं उरतं. जिंकलेलं पानिपत आपल्या वाट्याला येतं ते एवढंच.

हल्ली पडद्यावर नायक मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा मागे जातो. त्यात माझा जीव रमत नाही. चूक कितीही वेळा पुसता येत असेल तर कुणाच्या मरणाला अर्थ काय राहिला?

ककुद्मीने रेवती बलरामाला दिली आणि तो बदरिकाश्रमाला निघून गेला. रेवती जुन्या युगातली, म्हणून सगळ्यांपेक्षा उंच. आजीची गोष्ट इथे संपायची. विष्णुपुराणात पुढे बलराम नांगराच्या टोकाने तिला आपल्याएवढी करून घेतो, हे मी फार उशिरा वाचलं. आजीला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

बाबा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. शेवटची नोंद माझ्या नवऱ्याची आहे. सगळे रकाने बाबांच्या बारीक अक्षरात भरलेत, फक्त उंचीचा कोरा सोडलाय.