कोहिमा : टेनिस कोर्टाच्या दोन लांब्या

दिमापूर ते कोहिमा अंतर फक्त पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याचं काम चालू असल्यामुळे आमच्या सुमोने साडेचार तास खाल्ले. कोहिमात पोचलो तेव्हा कंबर आखडली होती. हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि तसाच वॉर सिमेटरीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इथे पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत गेलो. बायको म्हणाली, "आधी चहा तरी घे." घ्यायला हवा होता, वर चढताना धाप लागली.

गॅरिसन हिलच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली ही जागा आहे. 1,420 थडगी. उभे दगड नाहीत, बुटक्या चौथऱ्यांवर ब्राँझच्या पाट्या आहेत. नाव, पलटण, तारीख, वय. एक माळी लहान ब्रशने पाटीच्या अक्षरांतली माती काढत होता. मी वयं वाचत निघालो. वीस, बावीस, एकवीस. थोड्या वेळाने वाचणं सोडून दिलं. 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' हा प्रसिद्ध मजकूर खालच्या स्मारकावर आहे. तिथे सेल्फीची रांग होती, म्हणून पुढे सरकलो.

मला एकच पाटी शोधायची होती : लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन, रॉयल वेस्ट केंट रेजिमेंट, चौथी बटालियन. वय 29. पाटीवर व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाची खूण आहे, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही.

या माणसाने मला बरेच दिवस छळलंय. बाप लक्षाधीश. इंग्लंडच्या पश्चिमेला ब्रिस्टलच्या खाडीतलं लंडी नावाचं अख्खं बेट त्याने विकत घेतलेलं, तिथे स्वतःची टपाल तिकिटं काढली, स्वतःची नाणीही पाडली आणि नाण्यांपायी कोर्टात दंड भरला! असल्या घरातला मुलगा, त्याला मधमाश्या पाळायचा नाद. अफसर होऊन मागे बसता आलं असतं. हा साध्या शिपायांतच राहिला आणि 1944 च्या एप्रिलमध्ये या डोंगरावर येऊन पडला.

5 एप्रिलला त्याची बटालियन कोहिमात शिरली आणि मागचा रस्ता बंद झाला. आत अडीच हजारांच्या आसपास माणसं, त्यातली बरीच न लढणारी, आणि बाहेर जपानी 31 वी डिव्हिजन. पाणी मोजून. इथे मला आपली मंडळी आठवतात. मार्चच्या उत्तरार्धात मणिपुरात उखरुलजवळच्या सांगशाकला छत्रीधारी सैनिकांबरोबर चौथी मराठा बटालियनही होती. जपान्यांची जी 58 वी रेजिमेंट पुढे कोहिमावर चालून आली, तिला त्यांनी तिथे काही दिवस अडकवून ठेवलं. वेस्ट केंटवाले आत पोचले ते अगदी थोडक्यात. सांगशाकचे ते दिवस हिशेबातून काढले तर काय झालं असतं, ते ज्याने त्याने ठरवावं. आपल्याकडे सांगशाक हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र मला टोचतो.

हार्मनची तुकडी याच डोंगराच्या कण्यावर दक्षिणेला, रसदीच्या गोदामांच्या टेकडीवर होती. मी त्या दिशेला पाहिलं तर पत्र्याची छपरं आणि सिमेंट. 8 एप्रिलला जपान्यांनी त्याच्या कंपनीपासून पन्नास यार्डांच्या आत मशीनगन लावली. हार्मन एकटाच गेला. चार सेकंदांत फुटणारा ग्रेनेड, त्याची पट्टी सोडून दोन सेकंद हातातच धरून ठेवला, म्हणजे शत्रूला परत फेकायला वेळ नको. मग फेकला आणि गन घेऊनच परत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी एक टोळी खंदक खणताना दिसली. ब्रेनगनवाल्यांना (हलक्या मशीनगनवाल्यांना) गोळीबाराचा आडोसा द्यायला सांगून तो संगीन लावून पुन्हा एकटाच धावला. चार जणांना गोळ्या घातल्या, पाचव्याला संगिनीने मारलं. ठाणं संपलं.

आणि परत येताना तो चालत आला. खंदकातून साथीदार ओरडत होते, पळ म्हणून. तो चालतच राहिला. मशीनगनच्या फैरीत सापडला. कंपनी कमांडर कॅप्टन ईस्टनने त्याला खंदकात ओढलं, त्यांच्याच हातांत तो गेला.

का चालत आला? दमला होता, बेफिकीर होता, की आता काही होत नाही असं वाटलं? मी उत्तर शोधत वर टेनिस कोर्टाशी पोचलो. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं हे कोर्ट, यावरच दोन्ही बाजूंनी ग्रेनेड उडाले. आज फक्त पांढऱ्या रेषा राखल्या आहेत. कोर्टाची लांबी चोवीस मीटरच्या आत, म्हणजे आदल्या दिवशीच्या मशीनगनचे ते पन्नास यार्ड जवळजवळ दोन लांब्या. कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, नेहमीच्या चालीने चाललो. घड्याळात चाळीस सेकंद.

मग जरा भरभर चालून पाहावं म्हटलं. निम्म्यात थांबलो. खालचा माळी ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत होता.