बंदीतला आवाज

मार्च अखेरची संध्याकाळ. मालवणच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या टोपलीसमोर उभा राहून 'दोन हजार, एकवीसशे' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो, तर हसण्यालाही आवाज नव्हता.

माझा धंदा आवाजाचा. संध्याकाळी मासळीचा लिलाव आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत, जत्रा असेल त्या रात्री, गावच्या हौशी दशावतारी नाटक मंडळात स्त्रीपार्ट. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. घसा बसला की ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध. दोन दिवसांत सुटायचा. या वेळी महिना झाला तरी सुटेना. आई म्हणाली, "मुको झालस काय रे?"

कुडाळला घशाच्या डॉक्टरांनी फडक्यात जीभ धरून बाहेर ओढली, दिव्याची नळी आत घातली आणि 'ई' म्हणायला सांगितलं. पडद्यावर माझे स्वरतंतू दिसले. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोन्हींवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढी एकेक गाठ. ऑपरेशनचं नाव काढलं नाही. म्हणाले, आधी बोलायला शिका. चाळिसाव्या वर्षी!

शिकवणाऱ्या बाई पणजीला. महिन्यातून दोनदा समोर, बाकी फोनवर व्हिडिओ लावून. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ काहीच सांगेनात, कागदावर रेघा मारत राहिल्या. शेवटी कागद पुढे केला. पंधरा मिनिटांत मी अकरा वेळा खाकरलो होतो. प्रत्येक खाकरणं म्हणजे त्या गाठी एकमेकींवर घासणं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा किंवा आवंढा गिळायचा. कुजबुजायचंही नाही, कारण त्यातही पट्ट्या ताणल्या जातात. आणि ज्येष्ठमध? गिळलेलं अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. हे ऐकून मला चौदा वर्षांच्या खडीसाखरेचं वाईट वाटलं. जत्रेतून पहाटे सुटल्यावर भजी खाऊन तसंच आडवं होणंही बंद. पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजतो म्हणे.

नशीब, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. एकसष्ट दिवस लिलाव नाही, जत्रा नाही. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या, त्यांच्यासोबत मीही.

पावसात पडवीत बसून एकच उद्योग. अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन बोटं बुडेल एवढी स्ट्रॉ, आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. आधी भसाभस यायचे आणि ग्लास सांडायचा. पाण्याचा दाब उलटा आत येतो, त्यामुळे पट्ट्या जोरात आपटत नाहीत, हलक्या हलतात. वीसेक दिवसांनी पोटातून सावकाश सोडलेल्या श्वासावर 'ऊ' तरंगायला लागला तेव्हा मान, जबडा, खांदे यांतलं काहीच ताणलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी मानेनं बोलत होतो हे तेव्हा कळलं.

खरा वाद स्त्रीपार्टावरून झाला. बोलताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा मिटतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. मी गळा आवळून रात्रभर ती गती गाठायचो. बाई म्हणाल्या, आवाज वर चढवला म्हणजे बाई होत नाही. "नाथ, आपण आलात?" हे एकच वाक्य माझ्याच नेहमीच्या सुरात पन्नासदा म्हणवून घेतलं. जोर कमी, 'आ' लांब, शेवट वर सोडलेला. मला ते फिकं वाटलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता खरी बायल बोलता." मग मी गप्प.

आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद जागच्या जागी सुचेल तसे, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे कधी ठरतच नाही. पुढचं वाक्य डोक्यात येईपर्यंत हवा संपते आणि उरलेलं वाक्य गळा रेटतो. बाईंनी नाटक बघितलं नव्हतं, पण मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकून नेमकं हेच पकडलं. आता पखवाज आणि झांज वाजते तेवढ्यात मी बाकड्याला टेकून पोटात हवा भरून घेतो. प्रेक्षकांना वाटतं राणी विचारात पडली आहे.

ऑगस्टात लिलाव सुरू झाला. मी ओरडेना, तर एक मासेवाली म्हणाली, "आता बोंब मारणस नाय, म्हणान भाव पण कमी बोलतलस?" ती सोडून बाकीचे मुकाट जवळ आले.

तपासणीत गाठी जवळजवळ विरल्या होत्या. कार्तिकात पहिली जत्रा. पेटीवाल्या बुवांना पट्टी खाली घ्या म्हटलं, तर त्यांचं तोंड वाकडं झालं, पण घेतली. रंगपटात शालू नेसून, मुकुट चढवून, ग्लासात स्ट्रॉ घालून 'ऊ' करत बसलो होतो. कनातीच्या फटीतून एक पोरगं बघत होतं. पळत गेलं आणि बाहेर ओरडलं, "आये, लक्षुमी पाण्यात बुडबुडे काढता!"