नानांची थ्री-नॉट-थ्री आणि इथली यादी

परवा आमच्या कॅलिफोर्नियातल्या गावच्या सिटी कौन्सिलच्या बैठकीला गेलो होतो. गेलो पार्किंगच्या तक्रारीसाठी, अडकलो पोलिसांच्या रायफलींत. इथे २०२१चा एबी ४८१ नावाचा कायदा आहे. लष्करी धाटणीची सामग्री घ्यायची तर पोलिसांनी आधी लोकप्रतिनिधींची मंजुरी घ्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. किती नग, किंमत काय, कशासाठी, सगळं वेबसाइटवर.

एक आजीबाई उठल्या आणि थेट पोलीस चीफला म्हणाल्या, "आमच्या गल्लीत युद्ध चाललंय का?"

चीफने १९९७ची नॉर्थ हॉलिवूडची बँक लूट सांगितली. चिलखत घातलेले दोन दरोडेखोर, हातात ऑटोमॅटिक रायफली, आणि पोलिसांकडे पिस्तुलं. शेवटी पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. त्यावर मागून कोणीतरी २०२२चं युवाल्डी काढलं, टेक्सासमधल्या शाळेतला गोळीबार. तिथे रायफली होत्या, तरी पोलीस तासाभराहून जास्त वेळ वर्गाबाहेरच थांबले होते. चीफ गप्प.

रात्री अमळनेरला नानांना फोन लावला. नाना हवालदार म्हणून निवृत्त झालेत. मला वाटलं होतं, ते चीफची बाजू घेतील. २६/११ला सीएसटीवर आपली माणसं थ्री-नॉट-थ्री घेऊन एके-४७ समोर उभी होती, हे त्यांना आजही बोचतं. पण नाना म्हणाले, "भो, काठी दिसनी ते लोके भांडतस, बंदूक दिसनी का चिडीचूप."

मला तेच पटलं. रायफल गाडीच्या डिकीत कुलूपबंद असावी, मोर्चासमोर खांद्यावर नको. भांडता आलं पाहिजे की नाही? आणि इथलाही कायदा काही गंगाजल नाही. नेहमीच्या वापरातलं हत्यार यादीतून वगळायची मुभा त्यातच आहे. मग रायफल 'नेहमीचीच' ठरवली की काम झालं!

नानांना विचारलं, तुमच्या ठाण्यात किती रायफली होत्या? आकडा सांगेनात. म्हणाले, दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी मांडायचो, तेवढ्याच दिसायच्या गावाला.

"मग कोणी मोजायचं?"

"मोजाले कोन येस? पेढा लेवाले येतस."